भात शिजेपर्यंत पूल अंधारात

दिवे लागले आणि थोड्याच वेळात पुलाला उचकी लागली.

आधी गावाकडची कमान लुकलुकली, मग तिच्या शेजारची. मधली कमान, जिच्यासाठी इदेलिसाने सगळ्यात जास्त डोकं खपवलं होतं, ती घटकेत दिसायची, घटकेत गडप व्हायची. मालिनाव नदीच्या वाळूत पाय रोवून इदेलिसा पालाद उभी होती. हातातला वीज मोजायचा टाँग टेस्टर तिने चिमट्यासारखा तारेला लावला होता आणि त्यावरचा आकडा तिला वाचवत नव्हता. तिचे सगळे दिवे मिळून एका इस्त्रीएवढीही वीज खात नव्हते. तारेतून मात्र अख्खी लाँड्री चालावी एवढी वीज वाहत होती. एवढं ओझं बारीक तारेवर पडल्यावर पुलापर्यंत पोचेतो व्होल्टेज धापा टाकत असे, आणि दिवे त्याच्याबरोबर.

फोन वाजला. नगरपालिकेचे मुख्य इंजिनियर बाल्देमोर होते.

"इदेल, तुझा पूल गावाला डोळे मारतोय म्हणे."

"बघतेय, सर."

"बघून झालं असेल तर बंद कर. मेयर बाल्कनीतून विचारतायत, हे मुद्दाम आहे का. मुद्दाम असेल तर त्यांना आवडलंय."

इदेलिसाने दिवे बंद केले. सांता आगेदाचा पुएन्ते, गावाचा हा जुना पूल, नेहमीसारखा काळोखात गेला. स्पॅनिश साधूंच्या राज्यात वेठीला धरलेल्या माणसांनी बांधलेला पाच कमानींचा पूल. ज्वालामुखीच्या राखेच्या मऊ दगडाचा, चुन्यात अंड्यांचा पांढरा बलक कालवलेला. दिवसा गावाला तो दिसतच नसे. त्यावरून बाजाराला जायचं, परत यायचं. कॉलेजात असताना एकदा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात इदेलिसाला त्याच्या दगडांवर छिन्नीच्या खुणा दिसल्या होत्या. कुठल्या वस्तीने कुठले दगड वाहिले, त्याच्या त्या खुणा. सूर्य बुडाला तशा त्या पुसल्या गेल्या. तिरपं ऊन रोज हवं तेव्हा कसं आणायचं, हा प्रश्न तिच्या डोक्यात शिरला तो तिथेच. त्याचं उत्तर म्हणून तिने दिवे पायथ्याशी वाळूत रोवले होते. पिवळसर, मंद, दगडाला घासून वर जाणारे. दगडाला एक खिळाही न लावता.

पुढचं सगळं परवावर अडलं होतं. गावाची संत सांता आगेदा हिच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी मनिलाहून वारसा खात्याचा माणूस पूल बघायला येणार होता. त्याने मान हलवली की हे दिवे कायमचे. नाही हलवली, तर नगरपालिकेच्या गोदामात मेयरची खोकी तयारच होती. त्यांत रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या पट्ट्या होत्या, आणि मेयरच्या नावाची माणसाएवढी हिरवी आद्याक्षरं.

"पण सर, पट्ट्यांनाही परवानगी लागेलच ना?" तिने एकदा बाल्देमोरना विचारलं होतं.

"कायमच्या दिव्यांना लागते. मेयर तात्पुरत्या लावणार आहेत. मी ज्या तात्पुरत्या खोलीत पहिलीत बसलो तिथे आता माझी नात बसते."

तर उचकीचं कारण शोधणं भाग होतं. तसं ते इदेलिसाला कळलेलं होतं. पूल दिवेलागणीला आचके द्यायचा आणि जेवणं सुरू झाली की शहाण्यासारखा जळायचा. म्हणजे पुलाजवळच्या आळीचा भात शिजला की पूल उजळत होता. चार दिवसांपूर्वी तिने तारेचा माग काढत पुलाच्या तोंडाशी खांबावर चढून वीजचोरीचे आकडे शोधले होते, सोडवले होते, उघड्या तारा नीट गुंडाळल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आकडे परत जागेवर. तेही तिच्यापेक्षा सफाईने, नवी टेप लावून.

आता ती पुन्हा त्या खांबापाशी गेली. खांबावर एक फ्लेक्स टांगलेला होता. त्यावर इदेलिसाचाच फोटो होता, पदवीची टोपी घातलेला, दात जरा जास्तच पांढरे केलेला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: "आमच्या आळीची लेक, इलेक्ट्रिकल इंजिनियर इदेलिसा पालाद, हिचे परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." त्याखाली अभिनंदन करणाऱ्यांची नावं. फ्लेक्स उन्हाने विटला होता, पण काढायचं कुणाच्या मनात येत नव्हतं. इदेलिसाने आपलं तोंड कोपऱ्याला धरून उचललं. मागे सगळे आकडे एका ओळीत, पावसापाण्यापासून सुरक्षित. अभिनंदन करणाऱ्यांची नावं आणि आकडे जुळत होते.

सगळे तिचे धर्ममायबाप होते. वडील जहाजावर, वर्षातून एकदा घरी. आईने लेकीच्या बाप्तिस्म्याला एकट्यादुकट्याला न सांगता पुलाच्या तोंडाची अख्खी आळीच निनांग आणि निनोंग करून टाकली होती. बाळाला ताप आला तर रात्री दार वाजवायला घरं असावीत म्हणून. ती घरं खरोखर उघडलीही होती. बाल्देमोर म्हणाले होते, पोलिसांत लेखी तक्रार दे. म्हणजे पालाद इदेलिसा, वय तेवीस, हिने आपल्या सगळ्या धर्ममातांविरुद्ध.

पहिलं घर निनांग कोरिंगचं. कोरिंग तांदळाच्या पिठाच्या वड्या केळीच्या पानात बांधत बसली होती. कोपऱ्यात राइस कुकर वाफ सोडत होता आणि त्याची वायर खिडकीतून बाहेर गेली होती.

"आलीस? बस, जेव."

"निनांग, मी जेवायला नाही आले."

"मग काय उपाशी भांडणार?"

इदेलिसाने वायरीकडे बोट दाखवलं. "ही कुठे जाते?"

"बाहेर."

"बाहेर कुठे?"

"तुझ्याकडे," कोरिंग शांतपणे म्हणाली. "तुझ्या फोटोमागे. मेयरच्या फ्लेक्समागे लावणार होतो, पण तिथे पोरं रोज मिशा काढायला येतात. तुझ्या तोंडाला कुणी हात लावत नाही. मान आहे तुला."

"तुमच्या घरी मीटर आहे ना?"

"आहे की. चालूच आहे. पण सणाचे पाहुणे आलेत. माझी बहीण, तिची सून, सुनेची माणसं. आणि नगरपालिकेची वीज म्हणजे कुणाची? आपली. आळीत आणली कुणी? आमच्या पोरीने. उगाच का फ्लेक्स लावला."

शेजारच्या दारातून निनांग सेपा डोकावली. तिच्यामागे तिचा नवरा, निनोंग अम्बो; रेडिओ आणि पंखे दुरुस्त करणारा. त्या टेपची सफाई कुणाची, हे इदेलिसाला त्याच्याकडे बघताच कळलं.

"ओरडतेय का?" सेपाने विचारलं.

"अजून नाही. जेवलेली नाही."

इदेलिसा बसली. पुढ्यात ताट आलं. भात तिच्याच तारेवर शिजलेला होता आणि चांगला शिजला होता. खाता खाता तिने पहिल्यापासून समजावलं. तार किती जाड आहे, कुकर किती वीज ओढतो, एवढे कुकर एका वेळी लागले की पुलाजवळ काय उरतं. अम्बो मान हलवत ऐकत होता. दोघी बायका दुसरंच काहीतरी बघत होत्या.

"पण दिवा मंद का असतो गं?" कोरिंगने विचारलं. "भात झाल्यावरसुद्धा मंदच असतो."

"तो तसाच हवा आहे."

"नगरपालिकेने तुला एवढेच दिवे दिले?"

"मी एवढेच मागितले, निनांग."

कोरिंगने सेपाकडे पाहिलं, सेपाने कोरिंगकडे. इदेलिसाला ती नजर लहानपणापासून ठाऊक होती. बाबांचं पत्र आलं नाही की आई 'पोस्टाचा उशीर' म्हणायची, तेव्हा आळीत अशीच नजर फिरायची.

"खरंच मी मागितले," ती म्हणाली. "थांबा, दाखवते." तिने खोलीतला दिवा मालवला, खिशातली बॅटरी काढली आणि समोरून भिंतीवर प्रकाश टाकला. "काय दिसतं?"

"भिंत."

मग तिने बॅटरी भिंतीला टेकवून आडवी धरली. सपाट वाटणाऱ्या गिलाव्यावर एकदम टेकड्या आणि दऱ्या उभ्या राहिल्या. "आता?"

"अम्बोचं काम," कोरिंग म्हणाली. "मी तेव्हाच म्हटलं होतं, गिलावा सरळ नाही."

"दहा वर्षं झाली त्याला," अम्बो म्हणाला. "आज बॅटरी आणून बघताय."

"म्हणजे कळलं ना? समोरून भरपूर उजेड मारला की दगड मरतो. कडेने थोडा मारला की दगड बोलतो. पुलावर छिन्नीच्या खुणा आहेत, तुमच्याच पणजोबांच्या वस्तीच्या असतील. त्या दिसल्या पाहिजेत."

सेपाने बराच विचार केला. "पण सणाला माणसं खड्डे बघायला येतात का, पोरी?"

या प्रश्नावर कॉलेजात कुणी काही शिकवलं नव्हतं. इदेलिसाने दिवा परत लावला आणि विनवणीवर आली. परवा फक्त एक संध्याकाळ. मनिलाचा माणूस बघून जाईपर्यंत या तारेवर कुणीही भात शिजवायचा नाही. आणि पुलाच्या दगडाला खिळा, स्क्रू, हूक, काही ठोकायचं नाही, कारण तो ते आधी बघतो.

"पताकांनासुद्धा नाही?" अम्बोने विचारलं.

"दगडात काहीही नाही."

"बरं. आणि भात नाही लावला तर तारेत वीज बरीच उरेल, नाही का?"

"खूप उरेल." आपलं बोलणं कुणाच्या तरी डोक्यात शिरलं याचा तिला एवढा आनंद झाला, की तिने पाटीवर मांडून दाखवल्यासारखा बोटांवर हिशोब करून दाखवला. कुकर एवढा, तिचे दिवे एवढे, बाकी एवढी. अम्बोने तोच हिशोब पुन्हा तिला म्हणून दाखवला. बरोबर होता.

"शब्द दिला," कोरिंग म्हणाली. "सांता आगेदाची शपथ. आळीत सगळ्यांना मी सांगते. तू जा, झोप. डोळे बघ कसे झालेत. फोटोत किती छान होते."

मनिलाच्या माणसाची बस ठरल्या दिवशी वाटेत बंद पडली. दुपारी येणारे आर्किटेक्ट रिकिंटो हमरस्त्यावर उतरले तेव्हा उन्हं कलली होती. इदेलिसा त्यांना आणायला गेली होती आणि थांब्यावर उभी राहून तिचे पाय दुखत होते. रिकिंटो शिडशिडीत, पांढऱ्या केसांचे, बगलेत छत्री. तीनचाकीत तिच्या शेजारी अंग चोरून बसले.

"तुम्ही दगडाला काही लावलं नाहीत, असं कागदावर आहे," मग ते म्हणाले. "सगळेच तसं लिहितात."

"मी खरंच लावलेलं नाही."

"बघू. मागच्या महिन्यात एका पुलावर मला डॉल्फिन दाखवले. निळे. उड्या मारणारे."

इदेलिसाला हसू आलं आणि पहिल्यांदाच वाटलं, हा माणूस बघेल. हा खुणा बघेल. दुपारी निघण्याआधी तिने आळीत चक्कर मारली होती. दिलेला शब्द पाळलेला होता. कुकरच्या वायरी गुंडाळून खिळ्याला टांगलेल्या होत्या, परसात चुली धूर ओकत होत्या. तिने दिवे घड्याळावर लावून ठेवले होते. अंधार पडला की आपोआप लागणार होते.

नदीच्या वळणाला तीनचाकी आली तेव्हा झाडांच्या वर आभाळ गुलाबी दिसत होतं. सूर्य तर त्यांच्या पाठीमागे डोंगराआड कधीच गेला होता. मग ते गुलाबी हिरवं झालं. मग निळं.

"डॉल्फिन?" रिकिंटोंनी विचारलं.

इदेलिसाने तीनचाकीवाल्याला घाई करायला सांगितलं.

पुलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबू उभे होते आणि बांबू-बांबूंमध्ये माळा झुलत होत्या. नाताळ संपून महिनाच झाला होता, त्यामुळे कुणाच्याच माळा अजून ट्रंकेत फार खाली गेलेल्या नव्हत्या. आळीतल्या प्रत्येक घराने आपल्या काढून आणल्या होत्या. पळणाऱ्या, मिचकावणाऱ्या, पाझरणाऱ्या, मध्ये मध्ये चांदणीचे कंदील. निम्म्या माळांना गाण्याची चिप होती, आणि प्रत्येक चिप आपापलं नाताळचं गाणं आपापल्या ठेक्यात किणकिणत होती. खाली तिचे दिवेही लागलेले होते म्हणा. माणूस फटाक्यांच्या दुकानात मेणबत्ती शोधतो तसे शोधले तर दिसत होते.

आणि सगळी आळी सणाचे कपडे घालून कठड्याला ओळीने उभी होती. तीनचाकी थांबली तशा टाळ्या सुरू झाल्या.

अम्बो सगळ्यांत पुढे आला. "इदेल, एक खिळा नाही. हे बघ." बांबू रंगाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरून उभे केलेले होते. सगळं अबाका या रानकेळीच्या सुतळीने बांधलेलं. "दगडाला बोटसुद्धा लावलेलं नाही. तू सांगितलंस तसं."

"निनोंग, ही वीज..."

"तुझ्याच तारेवरून. भात दुपारीच चुलीवर झाला, म्हणजे तुझा हिशोब केला तेवढी वीज उरली. त्यात बसतील एवढ्याच माळा घेतल्या. निनांग मेर्लीच्या दोन परत पाठवल्या, रागावली ती. बघ, लुकलुकतंय का काही? जे लुकलुकतंय ते लुकलुकायचंच आहे."

इदेलिसाने टाँग टेस्टर काढून तारेला लावला. करण्यासारखं दुसरं काही सुचलं नाही म्हणून. हिशोब अचूक होता.

"हे कशाला केलंत?" ती खालच्या आवाजात म्हणाली.

"कशाला म्हणजे?" सेपा पुढे झाली. "नगरपालिकेने पोरीला मूठभर दिवे देऊन मनिलाच्या माणसासमोर उभं करायचं, आणि आळीने बघत बसायचं? तू स्वाभिमानी आहेस, तू मागणार नाहीस. आम्हाला काय कळत नाही?"

तोवर कोरिंग रिकिंटोंपर्यंत पोचली होती. तिने त्यांच्या हातातली छत्री काढून घेतली, दुसऱ्या कुणीतरी त्यांच्या हातात सरबताचा पेला दिला. "सगळं आमच्या पोरीचं डोकं, आर्किटेक्ट. परीक्षेत पहिल्याच फटक्यात पास. तो बघा, तो फोटो तिचाच."

रिकिंटोंनी फोटो बघितला, मग माळा बघितल्या, मग इदेलिसाकडे वळले.

"हे तुमचं डिझाइन?"

गाणी वाजत होती. आळी तिच्याकडे बघत होती, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लाल, हिरवा, निळा असा आनंद आळीपाळीने पडत होता. हो म्हटलं तर गोष्ट इथेच संपत होती. सगळे हसत घरी जातील, रिकिंटो कागदावर एक ओळ खरडतील, आणि उद्या सकाळी गोदामातून खोकी निघतील. नाही म्हटलं तर सणाच्या आदल्या संध्याकाळी, मनिलाच्या पाहुण्यासमोर, ज्यांनी आपल्याला कडेवर खेळवलं त्यांना तोंडावर पाडायचं. इदेलिसाला सगळ्यात जास्त राग आला तो याचा, की यात कुणीच काही वाईट केलेलं नव्हतं. एखाद्याने जरी लबाडी केली असती तरी सोपं गेलं असतं.

"खालचे माझे," ती म्हणाली. "वरचे माझे नाहीत."

टाळ्या कधीच थांबल्या होत्या. कोरिंगचं हसू मात्र चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढायला विसरलेल्या तोरणासारखं.

"खालचे दिसत नाहीत," रिकिंटो म्हणाले.

"वरचे बंद केल्याशिवाय दिसणार नाहीत."

"मग करा बंद."

वेगळं बटण नव्हतं. सगळं एकाच तारेवर होतं. इदेलिसा खांबापाशी गेली, स्वतःचा फोटो बाजूला सारला आणि पक्कडीने एकेक जोड सोडवायला लागली. अम्बोने जोड असे घट्ट बांधले होते की प्रत्येकाशी झटापट करावी लागत होती. तिच्या मागे पुलाचा एकेक तुकडा विझत होता. कुठलंसं गाणं ओळीच्या मध्येच तुटलं. शेवटचा जोड सुटला तेव्हा नदीचा आवाज ऐकू यायला लागला.

ती वळली आणि पूल तिथे होता.

पाचही कमानी पाण्यावरून उठून उभ्या होत्या. प्रत्येक दगडाची कड वेगळी, प्रत्येक सांध्याला आपली सावली. मधल्या कमानीच्या पोटात खालून वर सरकत गेलेला पिवळा उजेड कळसाच्या दगडापाशी विरत होता, कागदावर आखला होता अगदी तिथेच. आणि खुणा दिसत होत्या. फुली, चंद्रकोर, तीन रेघा, माशाचं हाडूक. तिने बाजूला पाहिलं, हे कुणाला तरी दाखवावं म्हणून.

"दिवे गेले का गं?" पलीकडच्या टोकाहून कुणीतरी ओरडून विचारलं.

"नाही, हेच आहेत," सेपा म्हणाली.

"एवढेच?"

"एवढेच."

"अगं बाई. मयताच्या घरासारखं दिसतंय."

पाहुण्यांपैकी कुणी हसलं. कोरिंग हसली नाही. तिने आर्किटेक्टची छत्री त्यांच्या हातात परत दिली आणि म्हणाली, "बघा तिचे. आमचं काय, आम्हाला वाटलं पोर एकटी पडली." मग ती कुणाकडेही न बघता बाजूला जाऊन उभी राहिली.

रिकिंटो वाळूत उतरले. एकेका कमानीखाली थांबले, वाकले, दगडाच्या इतके जवळ गेले की नाक लागेल. हाडकाच्या खुणेवर त्यांनी बोट धरलं, टेकवलं नाही. परत वर आले तेव्हा त्यांचे बूट भिजलेले होते.

"फार चांगलं काम आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "मंजूर करतोय. कायमचं."

"आभारी आहे."

"एक अट लिहावी लागेल. पुलावर वरून काहीही टांगायचं नाही. माळा नाहीत, पट्ट्या नाहीत, नावं नाहीत. कुठल्याही सणाला नाही."

"मेयरच्या पट्ट्यासुद्धा?"

"कुणाच्याच नाहीत. पण अट पाळली जाते की नाही हे बघायला नगरपालिकेचं एक माणूस लागतं. तुमचं नाव घालतो."

"माझं?"

"डिझाइन तुमचं आहे ना?" त्यांनी पेन काढलं. "आत्ता जे टांगलंय ते आजच उतरवून मला मोकळ्या पुलाचा फोटो पाठवा. फोटो आला की सही करतो. मी मेयरकडे जेवायला आहे."

"आज मिरवणूक आहे. अर्ध्या तासात इथून जाईल. माळा विझलेल्याच आहेत, सकाळी उतरवल्या तर..."

"सकाळी मी बसमध्ये असेन," रिकिंटो म्हणाले आणि तीनचाकीत बसले. ते वाईट माणूस नव्हते. भिजलेले बूट त्यांनी आधी बाहेर झटकले.

लगेचच बाल्देमोरांचा फोन आला. "मंजूर?"

"मंजूर."

"मग आवाज असा का? मंजूर ना?"

"हो, सर. मंजूर. आणि दरवर्षी माळा अडवायला मी." तिने फोन ठेवला.

आळीतली माणसं दोघं-तिघं करून पांगली होती. काही चर्चकडे गेली, काही कठड्याला टेकून, तिच्याकडे पाठ करून गप्पा मारत होती. तिने एकदोघांना हाक मारली. "निनोंग, जरा हात लावता?" अम्बोने ऐकलं नाही असं केलं. पंख्याच्या बारीक घरघरीवरून बिघाड ओळखणारा माणूस होता तो.

चर्चची घंटा झाली. म्हणजे सांता आगेदाची मूर्ती बाहेर काढली असणार. इदेलिसाने नगरपालिकेची शिडी ओढत आणली आणि पहिल्या बांबूपाशी उभी केली. पुलाला मध्ये उंचवटा होता. शिडीचा एक पाय टेकायचा, दुसरा अधांतरी राहायचा. तिने खाली दगड सरकवून पाहिला, चपला कोंबून पाहिल्या. दोन पायऱ्या चढली आणि शिडी नदीच्या बाजूला कलली. ती उतरली. पुन्हा लावली. पुन्हा कलली. एवढी गणितं केली, आणि उतारावर शिडी कशी उभी करायची ते येईना. तिला तिथेच खाली बसून मोठ्याने ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी तिने शिडी तिसऱ्यांदा लावली आणि चढली.

या वेळी शिडी हलली नाही. तिने खाली पाहिलं. कोरिंग दोन्ही हातांनी शिडी धरून उभी होती, तोंड दुसरीकडे फिरवून.

"निनांग..."

"तुझ्याशी बोलत नाहीये मी. पडलीस तर तुझ्या आईला काय सांगू, म्हणून धरली."

इदेलिसाने सुतळीच्या गाठीला हात घातला. गाठ पाण्यातल्या दोरासारखी घट्ट होती. ती नखाने उकलू लागली.

"ती नाही," खालून आवाज आला.

"काय?"

"ती माळ माझी. माझी आधी उतरवलीस तर सेपा मला वर्षभर ऐकवेल, की माझीच खराब होती म्हणून आधी काढली. आधी तिची काढ. ती, चांदण्यांची."

"निनांग, मिरवणूक येतेय. सगळ्याच काढायच्या आहेत."

"मग तिच्या माळेपासून काढ."

लांब वळणावर मशाली दिसायला लागल्या होत्या. बँडचा ढोल ऐकू येत होता. इदेलिसाने गाठ सोडून दिली, खाली उतरली आणि शिडीचं एक टोक धरलं. दुसरं कोरिंगने धरलं. दोघी शिडी घेऊन चांदण्यांच्या माळेकडे निघाल्या, आणि पलीकडून, कमरेवर हात ठेवून, सेपा त्यांच्या दिशेने यायला लागली.